राक्षस काय मागतो

धरणगावच्या एका जुन्या गल्लीत नानांचं आणि आप्पांचं घर एकाच भिंतीला धरून उभं आहे. भिंत मातीची, वर धाबं. इकडे पाट्यावर मिरची वाटली तर तिकडे ठसका लागतो. नाना प्राथमिक शाळेत मास्तर होते, आप्पा एसटीत कंडक्टर. दोघांनाही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. नानांच्या मनात धाबं उतरवून स्लॅब टाकायचं कधीपासून होतं. पैसेही साठले होते म्हणे. पण गेलं वर्षभर त्यांच्या बायकोनं, जिजींनी, विषय काढला की नाना एकच उत्तर देत, चांगला मिस्त्री मिळत नाही.

२०२५ ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ३० एप्रिलला आली. खानदेशात हा सण दिवाळीच्या तोलाचा. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, निंबाच्या झाडाला झोके लागतात, पितरांच्या नावानं घागर भरतात, आमरस-पुरणपोळीची जेवणं होतात आणि पुरुष मंडळी पत्ते कुटायला बसतात. नानांची लेकही आली होती. बरोबर तिची दोन मुलं. थोरला पुण्यात इंजिनिअरिंगला, धाकटी नुकती नववीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. आप्पांचा मुलगा सुरतेला लूमवर आहे. त्याचा दहा वर्षांचा पोरगा आजी-आजोबांजवळ राहून इथल्याच शाळेत शिकतो. दुपारी उन्हानं जीव नकोसा होई, म्हणून पोरांचा सगळा खेळ रात्री धाब्यावर चाले.

थोरल्यानं पुण्याहून एक जाड पुस्तक आणि वीस तोंडांचे फासे आणले होते. खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली अमेरिकेत निघालेला हा खेळ. एकानं गोष्ट रचत न्यायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं आणि आपलं पात्र काय करतं ते सांगायचं. बेत फळला की फसला हे फाशावर ठरतं. जिजी म्हणाल्या, "आखाजीला लोक पत्ते खेळतात, ही पोरं फासे." पण त्यांनी खाटेवर जास्तीची गोधडी आणून टाकली.

"आज आपल्या गोष्टीत राक्षस येणार," थोरला म्हणाला.

पलीकडच्या खाटेवर पडलेल्या नानांनी कूस बदलली. "अमेरिकेच्या खेळात राक्षस?"

थोरल्यानं मोबाइलच्या उजेडात चित्र दाखवलं. अंगावर उंची झगा, धडावर वाघाचं डोकं, हातात चिलीम. हे रूप १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या पुस्तकातलं. त्याच्या आधी, १९७४ च्या डिसेंबरात, तिकडच्या 'कोलचॅक' नावाच्या टीव्ही मालिकेत राक्षसाचा एक भाग दाखवला होता. त्यातला राक्षस समोरच्याच्या मनात डोकावायचा आणि ज्याच्यावर त्याचा सगळ्यात जास्त विश्वास, त्याच माणसाचं रूप घेऊन पुढे यायचा. खेळातल्या राक्षसाचीही तीच रीत. पुढच्या आवृत्त्यांत त्याचे पंजे उलटे झाले, तळहात बाहेरच्या बाजूला. मारला तरी तो संपत नाही. नरकात जाऊन पुन्हा आकार घेतो आणि सूड घ्यायला परततो.

"वाघाचं तोंड त्यांनी कुठून आणलं कोण जाणे," नाना म्हणाले. "आपल्याकडे उलटी असतात ती हडळीची पावलं. पण विश्वासातल्या माणसाचं रूप, हे मात्र त्यांनी बरोबर घेतलं. मारीच हरीण झाला एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं. खरा घात त्यानं मरताना केला. रामाचा आवाज काढून लक्ष्मणाला हाक मारली. लक्ष्मणाला खात्री होती की रामावर असली वेळ येणार नाही. पण सीता घाबरली होती, आणि घाबरलेल्या माणसाला नुसता आवाज पुरतो."

"म्हणजे रूप बदलणारा तो वाईटच?" धाकटीनं विचारलं.

"नाही. हिडिंबेनंही रूप बदललं होतं. भावानं पांडवांना मारायला पाठवलं, तर ती सुंदर बाई होऊन आली आणि भीमाला तिनं खरं काय ते सांगून टाकलं. आणि आपला राक्षस तर तुमच्या पुस्तकातल्यापेक्षा जवळचा आहे. एसटीत बसलं की अर्ध्या तासात त्याच्या गावात."

एरंडोल म्हणजेच महाभारतातली एकचक्रानगरी, असं या भागात पिढ्यान्‌पिढ्या मानतात. तिथला पांडववाडा, पुढे जंगलात पद्मालयाचं गणपतीचं देऊळ, त्याच्या जवळ भीमकुंड. धरणगावच्या पोरांच्या सहली तिकडेच जातात, त्यामुळे भीमानं बकासुराला मारलं हे आप्पांच्या नातवालाही पाठ होतं. नानांनी मात्र मारामारी बाजूला ठेवली आणि ती गोष्ट भिंतीपासून सुरू केली.

लाक्षागृहातून निसटलेले पांडव ब्राह्मणांच्या वेषात एकचक्रेत एका ब्राह्मणाच्या घरी उतरले होते. दिवसभर भिक्षा मागायची आणि संध्याकाळी कुंतीपुढे आणून ठेवायची. एके दिवशी चौघे भाऊ बाहेर गेलेले, घरी कुंती आणि भीम. तेवढ्यात घरमालकाच्या खोलीतून रडणं ऐकू आलं. कुंती उठून गेली. नाना इथे थांबले. "एवढं लक्षात ठेवा, ती उठून गेली. स्वतः लपून राहिलेली बाई. कुणाच्या नजरेत येणं तिला परवडणारं नव्हतं. तरी गेली."

आत घरातली चौघं आपापसात वाद घालत होती. गावानं बकासुराशी ठराव केला होता. ठरल्या दिवशी एका घरानं गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस पाठवायचा. राक्षस तिघांनाही खाणार. त्या बदल्यात बाकी गावाला हात लावणार नाही. पाळी या घरावर आली होती. बाप म्हणे मी जातो. आई म्हणे, तुम्ही गेलात तर पोरांना कोण सांभाळील, मी जाते. मुलगी म्हणे, मला कधी ना कधी परघरी द्यायचीच आहे, मग आजच द्या. बापानं बायकोला बोलही लावला, की हे गाव सोडू असं मी कितीदा म्हणालो, पण तुला माहेर सोडवेना. आणि या सगळ्यांत ज्याला धड बोलताही येत नव्हतं असं लहान पोर हातात गवताची काडी घेऊन एकेकाजवळ गेलं आणि म्हणालं, रडू नका, मी या काडीनं राक्षसाला मारतो.

"मग?" आप्पांच्या नातवानं विचारलं.

"मग त्या रडणाऱ्या माणसांनाही क्षणभर आनंद झाला. आणि कुंतीनं ओळखलं, बोलायची वेळ हीच. ती पुढे झाली आणि विचारलं, काय झालंय?"

पुढचं सगळ्यांना माहीत होतं. माझे पाच मुलगे आहेत, त्यातला एक जाईल, असं कुंती म्हणाली. युधिष्ठिराला ते पटेना, आईनं त्याला समजावलं. भीम गाडा घेऊन गेला आणि राक्षसाचं जेवण स्वतःच जेवायला बसला. बकासुर पाठीत गुद्दे घालतोय आणि भीम मागे वळूनही पाहत नाही, हे ऐकून आप्पांचा नातू खाटेवर लोळून हसला.

धाकटी हसली नाही. "नाना, गावात तर पुष्कळ लोक असतील. इतकी वर्षं घरोघरी पाळी येत होती. ते सगळे मिळून का नाही गेले?"

नाना पाणी प्यायला खाली गेले, ते बराच वेळ वर आले नाहीत.

दुसऱ्या रात्री खेळ रंगला. थोरल्यानं गोष्टीत एक गाव रचलं. तिथून दर अमावस्येला एक गाडी डोंगराकडे जाई. राक्षस कुठल्याही रूपात असेल, त्याला हुडकायचं. धाकटी योद्धा, आप्पांचा नातू चोर, आणि गल्लीतली आणखी दोन पोरं. वाटेत त्यांना त्यांचे गुरुजी भेटले. पांढरी दाढी, तोच आवाज, तीच चालायची लकब. ते म्हणाले, तुमच्यातला एकजण राक्षसाला सामील आहे. मला एकट्याला भेटा, तुमची मंतरलेली शस्त्रं माझ्याजवळ ठेवा आणि चौथ्याला यातलं काही कळू देऊ नका.

पोरांना संशय आला. त्यांनी पंजे बघितले, ते सरळ होते. सावली बघितली, ती माणसाची होती. गुरुजींनाच ठाऊक असलेली गोष्ट विचारली, तर तिचंही उत्तर बरोबर आलं. राक्षस मनातलं वाचत होता. प्रत्येक परीक्षेत तो पास होत गेला. एक पोरगं वैतागून म्हणालं, हा खेळच लबाडीचा आहे.

धाकटीनं फासे खाली ठेवले. "गुरुजी, तुम्ही कोण ते मी विचारतच नाही. तुम्हाला काय पाहिजे? आमची शस्त्रं पाहिजेत. आणि कुणाला सांगू नका म्हणता? आमच्याच माणसाला. माझ्या गुरुजींनी या दोन गोष्टी एकत्र कधी मागितल्या नसत्या." तिनं चौथ्या भिडूला हाक मारली आणि सगळं मोठ्यांदा सांगून टाकलं. थोरल्याला राक्षसाचं सोंग तिथेच उतरवावं लागलं.

मला स्वतःला या पोरीच्या शहाणपणाचं फार कौतुक वाटतं. आपण सारे चेहरा तपासण्यात गुंततो, ओळखपत्र बघतो, शिक्का बघतो. चेहरा बदलणं हाच ज्याचा धंदा, त्याच्याशी त्याच्याच मैदानात खेळायला जातो. त्याची भूक मात्र त्याला कधीच बदलता येत नाही.

आखाजी होऊन काही दिवस झाले असतील. दुपारची वेळ, गल्ली सामसूम. जिजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. एकदम सरळ झाल्या. "कोनी तरी रडी राहिनं," त्या म्हणाल्या. भिंतीला कान लावला, ताटलीत चार सांजोऱ्या घेतल्या आणि शेजारी गेल्या.

आप्पांच्या बायकोनं दार अर्धवट उघडलं. डोळे सुजलेले. "काय व्हयनं वं बहीन?" एवढं विचारायचा अवकाश, तिला हुंदका आवरेना. दोन दिवसांपासून आप्पा आतल्या खोलीत होते. समोर स्टुलावर मोबाइल, व्हिडिओ चालू. पडद्यावर मुंबईचा पोलीस अधिकारी. सुरतेच्या मुलाच्या नावानं परदेशी जाणारं पार्सल सापडलंय, त्यात अमली पदार्थ आहेत, आप्पांचं खातंही त्यात गुंतलंय. म्हणून त्यांना 'डिजिटल अरेस्ट' केलंय. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, मुलाला फोन करायचा नाही, बायकोला सांगितलं तर तीही आरोपी. तीन लाख आदल्या दिवशी गेले होते. आज बँक बंद व्हायच्या आत मुदत ठेव मोडायची होती. पावती कपाटात कुठे आहे ते विचारायला म्हणून आप्पा तिच्याशी बोलले आणि बोलता बोलता रडले.

जिजींनी पोरांना हाक मारली. नानाही मागून आले, पण दारातच थांबले.

थोरल्यानं बाहेरूनच सांगायला सुरुवात केली. आप्पा, व्हिडिओवर अटक करायची सोय आपल्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये २७ ऑक्टोबर २०२४ ला हेच सांगितलं होतं. ते तर आप्पांनीही ऐकलं होतं, नानांच्याच ओट्यावर बसून. आता मात्र त्यांनी हातानंच त्याला गप्प केलं. पडद्यावर वर्दी होती, मागे फलक होता, झेंडा होता, आणि तो माणूस ओरडत होता की खोलीत कोण शिरलंय. माहिती आप्पांजवळ होतीच. पण पोरगा गजाआड जाईल या धाकापुढे तिचं काही चालत नव्हतं.

धाकटी पुढे झाली. "आप्पा, तो काय मागतोय?"

"पैसे. चौकशीपुरते. परत देणार म्हणतो."

"आणि कुणाला सांगू नका म्हणतोय?"

आप्पा बोलले नाहीत. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. अडकलेला माणूस इतक्या सहज सुटत नाही. त्यांनी पावतीसाठी हात पुढे केला.

तेव्हा नाना आत आले. आप्पांच्या शेजारी, कॅमेऱ्यात दिसतील असे, जमिनीवर बसले. "आप्पा," ते म्हणाले, "माझे गेल्या वर्षी एक लाख ऐंशी हजार गेले. बँकेचा साहेब बोलतोय म्हणाला. कार्ड बंद होईल म्हणाला. मी आकडे वाचून दाखवले. मिस्त्री मिळत नाही हे खोटं होतं. स्लॅबचे पैसेच राहिले नाहीत."

खोलीत कुणी हललं नाही. जिजींच्या हातातली ताटली तशीच राहिली. पडद्यावरचा माणूस आता नानांनाही अटकेची धमकी देत होता.

"मास्तर माणूस मी," नाना म्हणाले. "लोक काय म्हणतील म्हणून हिलासुद्धा सांगितलं नाही. तुम्हाला तेव्हाच सांगितलं असतं, तर काल तुमच्या हातानं पैसे गेले नसते."

आप्पांनी मोबाइल पालथा घातला. खालून तो आवाज येतच राहिला. थोरल्यानं फोन उचलून बंद केला.

या गडबडीत आप्पांच्या नातवानं जिजींचा फोन घेतला होता. मोठ्यांपैकी कुणाला सुचलं नाही ते त्यानं केलं, बापाला फोन लावला. "पप्पा, तुम्ही जेलमध्ये आहात का?" पलीकडे लूमचा खडखडाट इतका की बापाला आधी ऐकूच येईना. मग तो ओरडून म्हणाला, "अरे ड्यूटीवर आहे. काय झालं?" पोरानं फोन आजोबांच्या कानाला लावला.

मग १९३० ला फोन झाला. सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवायचा हा देशभराचा क्रमांक. जितक्या लवकर कळवावं, तितके पैसे वाटेतल्या खात्यांत अडवता येण्याची आशा जास्त. आप्पांचे काही अडवले गेले, काही पुढे निघून गेले होते. नानांनी वर्ष घालवलं होतं, तरी त्यांनीही पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. परतताना जिजी एवढंच म्हणाल्या, "वर्षभर त्या मिस्त्रीला मी किती बोलले." नंतर दोन दिवस त्या नानांशी जेवणापुरतं बोलल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आता गल्लीला सांगा."

नानांना ते जड गेलं. घरात कबूल करणं वेगळं आणि ज्या गावात अर्ध्या लोकांना आपण बाराखडी शिकवली, त्या गावात उभं राहून सांगणं वेगळं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात विठ्ठल मंदिराच्या ओट्यावर पेन्शनर जमतात. महागाई भत्ता, हयातीचे दाखले, दवाखान्याची बिलं, असल्या गोष्टी होतात. जूनच्या बैठकीत नाना उभे राहिले. कागदावर लिहून आणलं होतं, पण कागद खिशातच राहिला. किती गेले, कसे गेले, आपण कुठले आकडे वाचून दाखवले आणि घरी काय खोटं सांगितलं, सगळं त्यांनी क्रमानं सांगितलं, वर्गात सांगावं तसं. धाकटीच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना सापडलं होतं, तेही बोलले. एकचक्रेतल्या प्रत्येक घरानं आपली पाळी दार लावून सोसली. रडणारं घर आज आपलं नाही, एवढ्यावर शेजाऱ्याची रात्र निभावली. राक्षस दोन रेड्यांपेक्षा त्या लावलेल्या दारांवर जास्त पोसला गेला.

ते खाली बसले. कुणी खाकरलं. कुणी चप्पल शोधू लागलं. आप्पा उठले आणि आपले तीन लाख सांगितले.

तेवढ्यात मागून एक निवृत्त तलाठी बसल्या जागेवरूनच म्हणाले, "माझ्याकडे वीज कंपनीचा माणूस होऊन आला होता. रात्री नऊला लाइट कापतो म्हणाला."

"माझ्याकडे शेअरवाला," दुसरे म्हणाले. "पहिल्यांदा नफा दिलासुद्धा."

एक बाई, नवऱ्याच्या पेन्शनीसाठी येणाऱ्या, पदर सावरत म्हणाल्या, "माझ्याकडे तर माझ्या भाच्याच्या आवाजात. ॲक्सिडेंट झाला म्हणे. पोराला अजून सांगितलं नाही मी."

आप्पांनी पिशवीतून वही काढली. कंडक्टर होते, हिशेबाची वही त्यांच्याजवळ नेहमी असते. नानांनी पेन दिलं.

"एकेक करून बोला," आप्पा म्हणाले. "कोण होऊन आला होता ते सांगा. आणि काय मागितलं ते सांगा. कुणाला सांगू नका म्हणाला, तेही."